फ्रेंच शिकवून घर चालतं का?

पुस्तकवेडी
पुतणी पुण्यात फ्रेंच घेऊन एस.वाय.बी.ए. करतेय. तिला शिकवायचंच आहे. भाषांतर नको, कॉल सेंटर नको. भाऊ-वहिनी म्हणतात, फ्रेंच हौस म्हणून कर, पोटापाण्यासाठी बीएड इंग्रजीत कर. मी पुतणीच्या बाजूची. अकरावीला दुसरी भाषा म्हणून ढिगानं मुलं फ्रेंच घेतात, मग शिकवणारे लागणारच ना?

तासिकावाला
ताई, मुलं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी. बारावी झाली की पुस्तक रद्दीत. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे. मे महिना कोरडा, दिवाळीची सुट्टीही कोरडी. सीनियर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एमए, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. फ्रेंचची डाल्फ सी-1 परीक्षा (भाषेच्या ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्यांतली पाचवी) पास झालात तरी त्यातून सुटका नाही. आणि एवढं करून जागा निघायला हवी! वहिनी बरोबर बोलतायत.

नदीकाठ
शाळांचं तर त्याहून अवघड. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्याच वर्षीचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय हव्यात. इंग्रजी शाळेत एक जागा इंग्रजीनं धरलेली, दुसरी मराठीची. तिसरीही भारतीयच लागणार, मग फ्रेंच बसणार कुठे? (मराठी सक्तीबद्दल माझी तक्रार नाही, उलट आनंदच आहे. पण पुतणीचा हिशेब वेगळा.)

क्रोसाँप्रेमी
तुम्ही दोघं शाळा-कॉलेजच्या पलीकडे बघतच नाही. माझ्या संध्याकाळच्या बॅचला तिशीतले इंजिनीअर येतात. कॅनडानं 2023 पासून एक्स्प्रेस एंट्रीत (तिथे कायमचं स्थायिक होण्यासाठीच्या अर्जपद्धतीत) फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. त्यासाठी टेफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही कौशल्यांत सातवी पातळी लागते, म्हणजे साधारण बी-2. ही माणसं मार्कांसाठी येत नाहीत, त्यामुळे फी देताना घासाघीस करत नाहीत आणि गृहपाठही करून आणतात. त्यांना ऐकण्याचा पेपर सर्वांत जड जातो. तिथे पाठांतरवाली बाई चालत नाही.

तासिकावाला
आणि उद्या कॅनडानं नियम फिरवले की? दुसऱ्या देशाच्या व्हिसावर संसार उभा करायचा?

क्रोसाँप्रेमी
फिरवू देत. फ्रान्सला शिकायला जाणारे आहेतच; 2030 पर्यंत 30 हजार भारतीय विद्यार्थी हवेत असं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन 2024 मध्ये सांगून गेलेत. खरी अडचण वेगळी आहे, सर. आपल्याकडे स्वतः बी-1 वर थांबलेली माणसं ए-1 शिकवतात, म्हणून विद्यार्थी बारावीनंतर पळतात. मुलगी चांगली तयार असेल तर बॅच भरते.

नदीकाठ
भरते, मान्य. पण पीएफ, मेडिकल, बाळंतपणाची रजा? ते बॅचमधून येत नाही. पुतणीला हे आत्ताच सांगा.

पुस्तकवेडी
सांगते. ती म्हणते, आधी डेल्फ ही फ्रेंचची बी-2 ची परीक्षा, मग एमए, एमएच्या दुसऱ्या वर्षापासून नेटची तयारी आणि सोबत शिकवण्या. बीएडचा हट्ट सध्या वहिनींचा एकटीचा. एमए पुण्यात रानडेला करावं, मुंबई विद्यापीठात कलिन्याला की सरळ हैदराबादला इफ्लू या भाषांच्या विद्यापीठात?

तासिकावाला
हैदराबाद. घरापासून लांब राहील, आणि दिवसभर फ्रेंच कानावर पडेल. नेटचा फॉर्म मात्र विसरू नका.