लाळ, हिरड्या आणि घशातली जळजळ

गरोदरपणाचा तिसरा महिना, दिवसभर तोंडात लाळ साठते, गिळली की मळमळतं, घसा जळतो आणि घरचे म्हणतात 'मनाचे खेळ आहेत', हे तुमचं वाचून राहवलं नाही. मनाचे खेळ अजिबात नाहीत हो. लेकीच्या वेळी मला हेच झालं होतं. उशाशी झाकणाचा स्टीलचा डबा आणि जुन्या सुती साडीचे तुकडे घेऊन झोपायचे, तरी सकाळी उशीचा अभ्रा ओला. उलट्या जास्त होणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. बऱ्याच जणींचा चौथ्या महिन्यात ओसरतो, माझा सहाव्यापर्यंत टिकला. थोडं थोडं पण वारंवार खाऊन निभावलं.

मला फार उशिरा कळलेली गोष्ट: उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं कवच मऊ पडलेलं असतं. कपभर पाण्यात छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश तासाभराने. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दात घासणं मात्र सोडू नका. दंतवैद्यांना दाखवा, दिवस गेलेत हे आधी सांगा.

घशाची जळजळ बहुधा आम्लपित्ताची. संप्रेरकांमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते. रात्री लवकर जेवा, जेवल्या जेवल्या आडव्या होऊ नका.

पण पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद होत असेल, गिळताना दुखत असेल किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.