अवकाश मोहीम कशी आखतात, याचं प्रशिक्षण विज्ञान शिक्षकांना हवं का?

दहावीची विज्ञान शिक्षिका, सातारा:
दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये 'अवकाश मोहिमा' हा धडा आहे. उपग्रहाला कक्षेत फिरत ठेवणाऱ्या क्रांतिक वेगाचं सूत्र, त्यावर एखादं गणित, प्रक्षेपकांची नावं, की धडा संपला. मोहीम आखतात कशी, हे आम्हा शिक्षकांनाच कुणी शिकवलेलं नाही. चंद्रावर उतरायचं आपलं यान विक्रम. चांद्रयान-२ चा विक्रम २०१९ मध्ये कोसळला, चांद्रयान-३ चा २०२३ मध्ये नीट उतरला. दरम्यान मधलं इंजिन काढलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा ५०० मीटर चौरसावरून ४ किमी बाय २.४ किमी केली. प्रत्येक बदलाला कारण आहे. ते वर्गात उलगडता यावं म्हणून रीतसर प्रशिक्षण हवंच.

ग्रामीण शाळेतला शिक्षक:
कळकळ पटते, मागणी नाही. विज्ञान, गणित दोन्हीला मी एकटा. मी गेलो की आठवी ते दहावीचे तास बुडाले. तिथे होतं काय? पीपीटी वाचून दाखवतात आणि हजेरीपटावर सही घेतात. आमच्याकडे बहिर्वक्र भिंगंसुद्धा पुरेशी नाहीत. आधी ती द्या, प्रयोगशाळा सहायकाचं पद भरा.

निवृत्त अभियंता:
भिंगं हवीतच. पण १९९९ चं मार्स क्लायमेट ऑर्बायटर आठवा. एका चमूचं सॉफ्टवेअर आवेग, म्हणजे इंजिनांनी यानाला दिलेला धक्का, पाउंडाच्या हिशेबात देत होतं, दुसरा चमू तो न्यूटनच्या हिशेबातला धरून चालला. यान मंगळाच्या फार जवळ गेलं आणि हातचं गेलं. एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापताना हे सांगणारा शिक्षक मला हवा आहे.

ग्रामीण शाळेतला शिक्षक:
हा किस्सा मी उद्याच सांगेन. त्यासाठी प्रशिक्षण कशाला?

दहावीची विज्ञान शिक्षिका, सातारा:
किस्से नकोतच, सर. शिक्षकांचे गट करा. विक्रममधून चंद्रावर उतरलेली फिरती गाडी, प्रज्ञान रोव्हर, २६ किलोचा, वीज ५० वॅट. त्यात चाकांच्या मोटारी, कॅमेरे, खडकातली मूलद्रव्यं ओळखणारी दोन उपकरणं, संदेशवहन बसवा. चंद्रावरच्या रात्रीसाठी हीटर घेतला, तर वजन आणि वीज कुठून आणणार? हीटर सोडला, तर काम रात्र पडण्याआधी, पृथ्वीवरच्या १४ दिवसांत आटपायचं. यावर शिक्षक स्वतः भांडले, की वर्गात मुलांना भांडू देतील. पीपीटीने ते होत नाही.

ग्रामीण शाळेतला शिक्षक:
असं असेल तर येईन. मात्र शाळेच्या दिवसांत नको, आणि भिंगांचे पैसे यात वळवू नका. या दोन अटी लेखी मिळेपर्यंत माझा विरोध कायम.