चार वर्षांनी नगरसेवक आले, पण त्यांच्या हातात नक्की असतं काय?

वेशीजवळचा

नमस्कार. आमचं गाव क वर्ग नगरपालिकेचं. आधीच्या मंडळाची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. दुसऱ्या दिवशीची मतमोजणी हायकोर्टाने पुढे ढकलली, मग २१ तारखेला निकाल लागला. मधले अठरा दिवस मतदान यंत्रांच्या खोलीबाहेर आमच्या गल्लीतली पोरं पाळीपाळीने थंडीत बसली होती. एवढ्या उत्साहाने आम्ही माणसं निवडून दिली.

घरासमोरची गटार दीड वर्षापासून तुंबलेली आहे. आई सत्तरीची आहे, तिला दारातून बाहेर पडताना फळीवरून जावं लागतं. प्रशासकाच्या काळात कचेरीत गेलो की "निवेदन द्या" म्हणायचे. आता नगरसेवकाकडे गेलो तर तो म्हणतो, "दादा, निधीच नाही." माणूस खोटं बोलणारा नाही, लहानपणापासून ओळखतो त्याला. म्हणूनच विचारतोय. नगरसेवकाला खरंच काही करता येतं का? येत नसेल तर निवडणुका घ्या म्हणून आपण चार वर्षं कशासाठी ओरडत होतो? आतून बघितलेलं कोणी असेल तर सांगा.

नदीकाठ

पुण्यात आमची अवस्था फार वेगळी नाही. मार्च २०२२ पासून प्रशासक होते, मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला. पण महापालिकेत नगरसेवकाला बजेटात ‘स’ यादीतून प्रभागातली कामं सुचवता येतात, त्यामुळे बाकडी, पेव्हर ब्लॉक, नामफलक तरी दिसतात. नगरपालिकेत तेही नसावं. सगळी सही मुख्याधिकाऱ्याची. तुम्ही सरळ मुख्याधिकाऱ्याला भेटा, मध्ये नगरसेवक कशाला?

प्रभाग सात

मी एका ब वर्ग नगरपालिकेत नगरसेविका आहे. पहिलीच वेळ. त्याआधी चौदा वर्षं शिवणक्लास घेत होते, आजही संध्याकाळी घेते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

‘मध्ये नगरसेवक कशाला’ हा प्रश्न निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात मलाही पडला होता. उत्तर मिळालं ते पाणी सोडायच्या-बंद करायच्या वॉलपाशी, म्हणून तेच सांगते.

आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं. खालच्या आळीला दीड तास, वरच्या आळीला वीस मिनिटं, तीही करंगळीएवढी धार. वरच्या आळीतल्या बायका रोज माझ्या दारात. अभियंत्यांना विचारलं तर म्हणाले, दाब कमी पडतो, नवी टाकी होईपर्यंत असंच चालणार. मला दाबातलं काही कळत नव्हतं. मग एके दिवशी पहाटे चारला वॉलमनबरोबर निघाले. हा माणूस ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे आणि बावीस वर्षं हेच काम करतोय. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो. खांद्यावर लोखंडी चावी, वर आडवी दांडी असलेली, जवळजवळ माझ्या उंचीची. चार ठिकाणी त्यांनी झाकण उचललं, चावी आत घातली, अंग टाकून फिरवली. पुढे कोपऱ्यावर आलो आणि ते थांबले. नुसताच गुळगुळीत सिमेंटचा रस्ता. मामांनी लिंबाच्या झाडाला पाठ लावली, सात पावलं मोजली आणि चावीचं टोक रस्त्यावर आपटलं.

"हितं व्हता बघा ताई. ह्याच्या खाली हाय. हा बंद केला की वरच्या आळीला पाणी चढतं. आता बंदच करता येत नाही."

असे तीन वॉल रस्त्याखाली गेलेत. रस्ता २०२३ मध्ये झाला, प्रशासकाच्या काळात. मी विचारलं, तेव्हा सांगितलं नाही का कोणाला? मामा म्हणाले, "सांगितलं की. ठेकेदार म्हणला सायबाला विचारा. सायेब म्हंजे कोन, त्येच कळंना. आधी रस्ता होताना नगरसेवक तरी उभा ऱ्हायचा."

त्या वेळचे प्रशासक वाईट होते असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडे मूळचं पद होतंच, वर आमचं गाव आणि शेजारचं आणखी एक. रस्त्याला मंजुरी त्यांनी दिली, सर्वसाधारण सभेचे अधिकारही तेच वापरत होते आणि स्थायी समितीचेही. मागणारा, मंजूर करणारा आणि तपासणारा एकच माणूस. त्याला त्या कोपऱ्यावर वॉल आहे हे माहीत असायचं कारण नाही, आणि त्याच्या नळाला पाणी येतं की नाही याच्याशी त्या रस्त्याचा संबंध नाही. माझा आहे. वरच्या आळीत माझी नणंद राहते.

पुढचं जास्त महत्त्वाचं. मी सभेत प्रश्न विचारला, तर उत्तर आलं की नवीन चेंबर, म्हणजे वॉलभोवतीचा झाकणाचा खड्डा, बांधायला अंदाजपत्रक करू, निधी उपलब्ध झाल्यावर काम घेऊ. तुमच्या नगरसेवकाला मिळालं असेल तेच उत्तर. मी घरी येऊन रडले. मग आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त माणसाने सांगितलं की रस्त्याचं अंदाजपत्रक आणि एम.बी. बघ. एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका, झालेलं काम मोजून लिहायची वही, तिच्यावरच बिल निघतं. तोंडी मागितली तर बांधकाम विभागात रोज वेगळं कारण. शेवटी नगरसेविका असून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं तिकीट लावून. नक्कल हातात आली. अंदाजपत्रकात ‘अस्तित्वातील चेंबर रस्त्याच्या पातळीपर्यंत उंचावणे’ अशी बाब होती. एम.बी.मध्ये ती ‘पूर्ण’ लिहिलेली होती. बिलही निघालेलं होतं.

म्हणजे नवा निधी लागतच नव्हता. पैसे आधीच दिलेले होते.

ती नक्कल घेऊन पुढच्या सभेत उभी राहिले. नुसता प्रश्न विचारला नाही, लेखी मागणी दिली: ठेकेदाराने दोषदायित्व कालावधीत (कामातला दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत) स्वखर्चाने तिन्ही चेंबर खुले करावेत, आणि तोपर्यंत त्याची अनामत सोडू नये. हा कालावधी संपायला थोडेच महिने राहिले होते. तो संपला असता तर अनामत परत गेली असती आणि वॉल कायमचे गेले असते. मला सही करून एक रुपयाही खर्च करता येत नाही. पण दिलेला रुपया कुठे गेला हे सभागृहात उभं राहून विचारता येतं आणि ते इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, लिहून घेता येतं. इतिवृत्तात आलं की मग मुख्याधिकाऱ्यांनाही त्यावर काहीतरी लिहावंच लागतं. वर ‘नदीकाठ’ म्हणतात तसं मुख्याधिकाऱ्यांना जरूर भेटा. पण त्यांची बदली होते. आमच्याकडे चार वर्षांत तीन झाले.

निधीचंही सांगते, कारण ‘निधी नाही’ हे अगदीच खोटं नसतं. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. तिच्या बदल्यात सरकारकडून सहाय्यक अनुदान येतं, ते पगारात जातं. मग पंपाचं वीजबिल. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा होता, गटार त्यात बसू शकत होती. पण लोकनियुक्त मंडळ नसलं की तो पैसा अडायचा. घटनेत २४३-यू कलमात स्पष्ट लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा खटला, त्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, प्रभागरचना कोणी करायची याचा वाद, असं करत चार वर्षं गेली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, तरी डिसेंबर उजाडलाच. त्या चार वर्षांचं नुकसान आमच्या गावात मी हाताने मोजू शकते. तीन वॉल, एक बंद पडलेली घंटागाडी, आणि शाळेमागचा कचऱ्याचा डोंगर.

राहिला आपला पैसा, घरपट्टी आणि पाणीपट्टी. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, मूळ रकमेपेक्षा शास्ती मोठी झाली की माणूस भरायचंच सोडून देतो. माझ्या गल्लीतल्या ३२ घरांपैकी ११ घरांची पट्टी थकलेली आहे. मी दारोदार जाऊन सांगतेय, भरा. मतं जातील म्हणून घरच्यांनी नको म्हटलं. पण भरलेली पावती हातात असलेला माणूस कचेरीत कसा बोलतो आणि थकबाकीदार कसा बोलतो, हा फरक मी डोळ्यांनी बघितलाय.

वेशीजवळचे दादा, तुमच्या गटारीसाठी सांगते. तोंडी सांगू नका. अर्ज लिहा, दोन प्रती करा, आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक नगरसेवकाला द्या. क्रमांक असला की तो सभेत विचारू शकतो, अमुक तारखेच्या अर्जावर काय केलं. आणि ती गटार शेवटची कधी बांधली, साफसफाईचा ठेका कोणाकडे, त्यात तुमची गल्ली आहे का, एवढं बघायला सांगा. बहुतेक वेळा गल्ली ठेक्यात असते.

वेशीजवळचा

ताई, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सात पावलं मोजणाऱ्या त्या माणसाला नमस्कार सांग. उद्याच अर्ज देतो.

एक विचारू का? आमच्या प्रभागात दुसऱ्या जागेवर नगरसेविका आहेत, पण फोन नेहमी त्यांचे मालक उचलतात. त्यांच्याकडे जावं की नाही कळत नाही.

जमाखर्च

मी नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे, गाव दुसरं. ताईंनी एम.बी.चं सांगितलं ते अगदी मुळावर बोट ठेवणारं आहे. दोन गोष्टी जोडतो. एक, विषयपत्रिकेवर शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी ओळ असते. खर्चाचे मोठे विषय कधीकधी त्या दारातून येतात. सभा संपत आलेली, लोक उठायच्या तयारीत, आणि ‘सर्वानुमते मंजूर’. नव्या नगरसेवकांनी शेवटपर्यंत बसावं आणि विरोध असेल तर नावासकट नोंदवायला लावावा. दोन, इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं. ते कायम होण्याआधी वाचा. तुम्ही बोललात ते त्यात नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, कायम झालेल्या इतिवृत्तातलं वाक्य बदलायला पुढे कोर्टात जायची वेळ येते.

प्रशासकाच्या काळात मी दोन वर्षं काम केलं. फायली भराभर हलायच्या, हे खरं. कोणी अडवायला नव्हतं. पण कोणी विचारायलाही नव्हतं, आणि आम्हा कर्मचाऱ्यांनाही त्याची सवय लागली. ती सवय मोडायला नव्या मंडळाला वेळ द्यावा लागेल.

प्रभाग सात

जमाखर्च काका, ऐनवेळच्या विषयांचं लिहिलंत, फार उपकार झाले. आमच्या दुसऱ्या सभेत असे चार विषय आले होते आणि मी त्यातल्या एकावरच बोलले. बाकीचे तीन मला समजायच्या आत मंजूर झाले. ती चूक माझी. आता सभेला जाताना वही घेऊन जाते आणि विषय कळला नाही तर वाचून दाखवा म्हणते, कोणी हसलं तरी.

दादा, नगरसेविकेच्या घरी जरूर जा, आणि गेल्यावर "ताईंना भेटायचंय" असंच म्हणा. आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी पहिल्या महिन्यात कचेरीतून सगळे फोन माझ्या मिस्टरांना यायचे. सभेची नोटीससुद्धा त्यांच्याच व्हॉट्सॲपवर. ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "मी नगरसेवक नाही, तिच्याशी बोला," आणि फोन माझ्या हातात द्यायचे. तीन आठवडे असं केल्यावर थांबलं. सगळ्याच घरांत नवरा असं म्हणत नाही. तिथे बाहेरच्या माणसाने ताईंना भेटायचंय म्हटलं तर त्या बाईला बळ येतं. तिला कदाचित तुमच्या गटारीबद्दल तिच्या सहकाऱ्यापेक्षा जास्त माहीत असेल. दारातली फळी तिच्याही नजरेला पडलीच असेल.

वॉलचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही, तरी सांगते. ठेकेदाराने दोन चेंबर फोडून वर आणून दिले. पहिल्या दिवशी मामांनी चावी फिरवली तेव्हा वरच्या आळीला पन्नास मिनिटं पाणी चाललं. नणंदेने घागर भरून झाल्यावरही नळ बंद केला नाही, नुसती बघत उभी राहिली. मीच जाऊन बंद केला. तिसरा वॉल, लिंबाजवळचा, अजून खालीच आहे. तिथे वॉल नव्हताच असं बांधकाम विभागाचं म्हणणं आहे, नकाशात नाही म्हणतात. येत्या सभेत तो अकरावा विषय आहे. आमच्या सभागृहात मागे लोकांसाठी खुर्च्या असतात, त्या कायम रिकाम्या असतात. या वेळी मामांना तिथे येऊन बसायला सांगितलंय. त्या दिवशी पाण्याची पाळी नाही, त्यामुळे येतो म्हणालेत.