अर्शद नदीमच्या आधीची 32 वर्षं: पाकिस्तानचे खेळाडू गेले कुठे?

मैदानवेडा
पॅरिस ऑलिम्पिकला नीरज चोप्रा भालाफेकीतलं सुवर्ण राखणार असं धरूनच टीव्हीपुढे बसलो होतो. पाकिस्तानच्या अर्शद नदीमची पहिली फेक फाउल गेली आणि दुसरी थेट 92.97 मीटरवर पडली. बीजिंगपासूनचा 90.57 चा ऑलिम्पिक विक्रम गेला. वर शेवटची फेकही 91.79.
नंतर आकडे चाळले. पाकिस्तानचं त्याआधीचं ऑलिम्पिक पदक 1992 चं, बार्सिलोनातलं हॉकीचं कांस्य. वैयक्तिक पदक बघायचं तर 1988 मधला बॉक्सर हुसेन शाह. हॉकीचे चार विश्वचषक आणि स्क्वॉशचे दोन-दोन खान असलेल्या देशाचं मधल्या काळात झालं काय? ‘क्रिकेटने बाकीचे खेळ गिळले’ हे उत्तर कृपया नको, ते पाठ आहे.

जुना सेंटर हाफ
हॉकीपुरतं उत्तर एका शब्दात: ॲस्ट्रोटर्फ. 1976 ला माँट्रियलमध्ये कृत्रिम मैदान आलं आणि उपखंडाचं ड्रिब्लिंग संपलं. पुढची कहाणी आपली नि त्यांची सारखीच.

बॅकवॉल
सेंटर हाफ, हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले. टर्फ आल्यानंतर पाकिस्तानने 1978, 1982 आणि 1994 चे विश्वचषक जिंकले, 1984 चं लॉस एंजेलिसचं सुवर्णही. टर्फनेच मारलं म्हणायचं तर मरायला बराच वेळ लागला! 1994 मध्ये हॉकी, क्रिकेट, स्क्वॉश आणि हौशी स्नूकर, चारही ठिकाणी जगज्जेते तेच होते. (स्नूकरमधला मुहम्मद युसूफ किती जणांना आठवतो?)

मी मुळात स्क्वॉशवाला, तेव्हा तिथूनच सांगतो. पेशावरजवळचं नवाकिल्ली हे गाव. हाशिम खान ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू आणून देणारा पोरगा; साहेब गेले की मोकळ्या कोर्टवर अनवाणी खेळायचा. 1951 ला पाकिस्तानी हवाई दलाच्या पाठिंब्यावर तो ब्रिटिश ओपनला गेला आणि जिंकून आला, तेही पस्तिशी उलटल्यावर. पुढे भाऊ आझम, नात्यातले रोशन आणि मोहिबुल्लाह. ब्रिटिश ओपन घरातल्या घरातच फिरत राहिली.

रोशनचा मुलगा जहांगीर. लहानपणी हर्नियाची ऑपरेशनं झालेली, डॉक्टरांनी दगदगीचे खेळ नको म्हणून बजावलेलं. 1979 मध्ये निवड समितीने त्याला पाकिस्तानच्या संघात घेतलं नाही. पठ्ठ्या वैयक्तिक स्पर्धेत उतरला आणि पंधराव्या वर्षी हौशी जगज्जेता झाला. त्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ आणि मार्गदर्शक तोरसम ऑस्ट्रेलियात सामना खेळताना कोसळला आणि गेला. मग चुलतभाऊ रहमतने स्वतःची कारकीर्द सोडून जहांगीरला हाताखाली घेतलं. 1981 ला टोरांटोत सतराव्या वर्षी जेफ हंटला हरवून वर्ल्ड ओपन! त्या वर्षापासून 1986 मध्ये तुलूझला रॉस नॉर्मनने हरवेपर्यंत पाच वर्षांहून जास्त काळ हा माणूस हरलाच नाही. 1982 ते 1991 त्याच्या दहा ब्रिटिश ओपन, 1992 ते 1997 पाकिस्तानच्याच जानशेर खानच्या सहा. सलग सोळा वर्षं दुसऱ्या कुठल्या देशाला हात लावू दिला नाही.

आता यात क्रीडा महासंघ कुठे दिसतो? घराणं दिसतं, हवाई दल दिसतं, पीआयए ही विमान कंपनी दिसते. हवाई दलाचे नूर खान पीआयएच्या प्रमुखपदी होते तेव्हा त्यांनी विमान कंपनीच्या पैशातून स्क्वॉशची पोरं घडवली. हॉकी संघटनेवरही तेच होते आणि हॉकीची चॅम्पियन्स ट्रॉफी ही कल्पनाही त्यांचीच. म्हणजे खेळ उभा होता तो नोकरीवर आणि एखाद्या वजनदार माणसावर. माणूस गेला, विमान कंपनी तोट्यात रुतली, पोरं थांबली. तोवर इजिप्तने कैरोत क्लब आणि ज्युनियरांची फळी उभी केली होती. हॉकी संघ तर 2016, 2020 आणि 2024 या तिन्ही ऑलिम्पिकला पात्रच ठरला नाही.

रिलेअँकर
नोकरीचा मुद्दा पटला. ॲथलेटिक्स, कुस्ती, वेटलिफ्टिंग, सगळीकडे आर्मी, वापडा (पाणी-वीज खातं), रेल्वे यांचेच संघ, आणि खेळाडू त्यांच्याच नोकरीत. इम्रान खान सरकारने 2021 मध्ये खात्यांचे संघ बंद करायला लावले तेव्हा कित्येकांचा पगारच गेला. 2022 ला सरकार बदलल्यावर ते परत सुरू झाले.
मुलींचंही कुणी लिहा. कराचीच्या कोरंगीतली नसीम हमीद 2010 ला ढाक्यात दक्षिण आशियाई स्पर्धेत 100 मीटर 11.81 सेकंदांत जिंकली. आठवडाभर सत्कार झाले, पुढे काय?

मैदानवेडा
मग अर्शद या चौकटीत कुठे बसतो? त्याच्यामागे ना घराणं, ना नूर खान.

बॅकवॉल
घराणं नाही, खरंय. वडील मियाँ चन्नूजवळच्या खेड्यात गवंडीकाम करणारे. पण वापडाची नोकरी आहेच, तिच्याशिवाय तो भालाफेकीत टिकला नसता. टोकियोत पाचवा, 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 90.18 मीटर, 2023 ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत नीरजमागे रौप्य. एवढं झाल्यावरही पॅरिसच्या काही महिने आधी तो सांगत होता की वर्षानुवर्षं वापरलेला एकच आंतरराष्ट्रीय दर्जाचा भाला आता खराब झालाय. त्याला भाला मिळत नाही यावर विश्वास बसत नाही, असं नीरज जाहीरपणे बोलला होता.

आणि हुसेन शाहचं विचारलंत म्हणून: कराचीच्या ल्यारीतला हा बॉक्सर नंतर जपानला जाऊन प्रशिक्षक झाला. मुलगा तिथेच वाढला, ज्युडोका झाला आणि रिओ व टोकियोत पाकिस्तानकडून खेळला.

स्क्वॉशमध्ये सध्या थोडी हालचाल आहे. 2023 ला हमझा खान ज्युनियर जगज्जेता झाला, पाकिस्तानसाठी 37 वर्षांनी. जुना स्क्वॉशपटू कमर झमानचा नातू नूर झमानने 2025 ला 23 वर्षांखालचं जागतिक विजेतेपद घेतलं. नातू आहे, तेव्हा घराण्याचा मुद्दा मी मागे घेत नाही!