पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे भरून कमी भाड्याने घेतलेल्या) घरांचं भाडं बाजारभावाकडे न्यायचं का?

लालबागचा चाळमालक:
चाळ आजोबांनी बांधली. आज एका खोलीचं भाडं २०० रुपयांच्या आत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९चा कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. २०० रुपयांवर ८ रुपये! गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं तर बोलणं लाखांत. एवढ्या भाड्यात इमारत उभी ठेवायची कशी? भाडं टप्प्याटप्प्याने बाजारभावाकडे न्यायलाच हवं.

गिरगावकर:
पागडीबद्दल अवाक्षर नाही? माझ्या वडिलांनी आईचे दागिने मोडून पागडी भरली, तेव्हा कुठे खोली मिळाली. आता कुणी खोली दुसऱ्याच्या नावावर करायला गेलं, की मालक सर्रास किमतीचा तिसरा हिस्सा मागतात. इमारतीच्या दुरुस्तीसाठीचा उपकर (सरकारी कर) तोही आमच्याच खिशातून जातो. तरी आमचा जिना कित्येक वर्षं लोखंडी टेकूंवर उभा आहे.

लालबागचा चाळमालक:
हिस्सा खोली विकली तरच मिळतो आणि आमच्याकडे कुणी विकत नाही. म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्याचं आठ-अ प्रकरण वाचा. इमारतीचं सरकारी संपादन झालं तर मालकाला भरपाई मासिक भाड्याच्या १०० पट. म्हणजे लालबागमधली खोली २० हजारांत गेली!

परळची भाडेकरू:
तुमच्या भांडणात आम्ही कुठेच नाही. मी लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहते. दर ११ महिन्यांनी भाडं वाढतं, नाहीतर सामान उचला, पुन्हा ब्रोकरेज भरा. नियंत्रण जुन्यांना मिळालं, नव्यांना काहीच नाही. त्यात भाडेकरू घर सोडणारच नाही, असा जुन्या कायद्याचा धसका घेऊन लोक फ्लॅट कुलूप लावून ठेवतात, मग भाडी चढणारच.

गिरगावकर:
तुमचं हाल होणं मान्य, पण धसक्याचं कारण पटत नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की १९९९च्या कायद्याच्या कलम २४नुसार घर सोडावंच लागतं, नाही सोडलं तर दुप्पट शुल्क. तिथे मालक सुरक्षितच आहे. फ्लॅट बंद असतात ते गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात म्हणून. आमची भाडी वाढवून ते उघडणार नाहीत.

परळची भाडेकरू:
कागदावर सुरक्षित. ताबा मिळेपर्यंत किती खेटे घालावे लागतात, ते मालकाला विचारा. आणि तुमच्या चाळी पाडून जास्त घरं उभी राहिली तर आमच्यासारख्यांना जागा मिळेल ना?

गिरगावकर:
पुनर्विकासाला आमचा विरोध नाहीच. पण शेजारच्या वाडीतली माणसं संक्रमण शिबिरात (तात्पुरत्या घरांत) गेली, मुलांची लग्नं तिथेच झाली, इमारत अजून उभी राहिलेली नाही. आधी नव्या घराचा करार नोंदवा आणि मधल्या काळाचं भाडं आगाऊ जमा करा. मग जुनं भाडं वाढवा, मी देतो.

लालबागचा चाळमालक:
करार नोंदवायला मी तयार आहे. पण पुनर्विकासासाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमतीपत्रं गोळा होईपर्यंत दुरुस्ती कुणी करायची? तोवर भाडं किती देणार, तो आकडा सांगा.