सेमी-ओपन हा वेगळा प्रकार की नुसती पळवाट?

वेताळपेठी: "माफियाचे सेटअप दोनच, ओपन आणि क्लोज्ड, बाकी सगळी नाटकं," असं परवा एका महाशयांनी ठोकून दिलं. वर वाहवाही! माफिया म्हणजे लपलेले माफिया रात्री एकेकाला मारतात आणि दिवसा गाव मतं देऊन एकाला फासावर देतं, तो खेळ. सेटअप म्हणजे त्यातल्या भूमिकांची मांडणी: ओपनमध्ये ती सगळ्यांना आधीच ठाऊक, क्लोज्डमध्ये गुप्त, आणि सेमी-ओपनमध्ये शक्यता ठाऊक पण त्यातली नेमकी कुठली ते नाही. मॅट्रिक्स 6 घ्या. 9 खेळाडू, भूमिकांचा 3×3 चा तक्ता सगळ्यांसमोर. त्यातली एक आडवी ओळ किंवा उभा रकाना मॉड, म्हणजे खेळ चालवणारा, चिठ्ठी टाकून ठरवतो. शक्यता सहा, नेमकी कुठली ते फक्त त्याला माहीत. याला क्लोज्ड म्हणायचं? मग दोन क्लेम, म्हणजे 'माझी भूमिका अमुक' असे दावे, एका ओळीत-रकान्यात बसत नाहीत म्हणून खोटारडा पकडता तो कसा? आणि ओपन म्हणाल, तर कॉप, म्हणजे रात्री एकाला तपासून दोषी की निर्दोष ते कळणारा, आहे की नाही हे तरी आधी सांगा!

खडूस_गावकरी: ते महाशय मीच. शक्यता सहा असोत नाहीतर साठ, यादी समोर आहे ना? मग ओपन. मॉडच्या चिठ्ठीसाठी वेगळं खातं कशाला उघडायचं?

निशाचर: ओपन-क्लोज्ड गेलं खड्ड्यात. मॉड खोटं बोलू शकतो की नाही, आधी हे लिहा! मागे एका क्लोज्ड खेळात मी कॉप होते. पहिल्या रात्री तपासलं, दोषी. फासावर दिला, निघाला साधा गावकरी. दुसऱ्या रात्री पुन्हा दोषी, पुन्हा गावकरी. तिसऱ्या दिवशी अख्खं गाव माझ्यावर तुटून पडलं. खेळ संपल्यावर मॉड म्हणतो, तू पॅरानॉइड कॉप होतीस, तुला सगळेच दोषी दिसणार होते. नोंदणीत याबद्दल अवाक्षर नाही!

खडूस_गावकरी: पहिला निकाल फसल्यावर दुसऱ्यावर डोळे मिटून विश्वास? इन्सेन (निकाल उलटे), नाईव्ह (सगळेच निर्दोष), पॅरानॉइड हे कॉपचे जुनेच प्रकार आहेत. क्लोज्डमध्ये एवढं गृहीत धरायचं.

निशाचर: 7 गावकरी विरुद्ध 2 माफिया मध्ये दोन चुका झाल्या, रात्री दोन मेले, की उरतात 3 विरुद्ध 2. तिसरी चूक म्हणजे खेळ खलास. शिव्या मी खाल्ल्यात, तुम्ही नाही. गृहीत तुम्ही धरा.

मोडका_मॉड: मी मॉडगिरी करतो. कॉपचं डोकं ठिकाणावर नसेल तर नोंदणीतच 'बास्टर्ड', म्हणजे इथे मॉड फसवू शकतो, अशी पाटी लावतो. न लावणाऱ्याला मॉड म्हणू नये.

खडूस_गावकरी: पाटी लावलीत की कॉप पहिल्या रात्रीपासूनच शंका घेणार. मजा काय राहिली?

निशाचर: मजा तुमची, फाशी आमची.

वेताळपेठी: अहो, धागा सेमी-ओपनचा आहे!

खडूस_गावकरी: बरं बाबा, ठेवा तुमचा तिसरा प्रकार. नवख्यांना सहा शक्यता आहेत हे आधी कळलेलं बरं, एवढ्यापुरतं मान्य. पण निशाचरबाई, पॅरानॉइड कॉप बास्टर्डमध्ये टाकायला माझा विरोध कायम. गेल्या खेळात डॉक्टर असून तुम्ही स्वतःलाच वाचवत बसलात, तेव्हा कुठली पाटी लावायची होती?

निशाचर: त्या खेळात तुम्ही माफिया होतात. रात्री कुणाला मारायला येत होतात ते पण सांगा की.