०६६६ हा उपाय नाही, आळस आहे

उपद्व्यापी
काल कुणीतरी विचारलं, लॉजिक ॲनालायझर (सर्किटमधले सिग्नल टिपणारं यूएसबी उपकरण) लिनक्सवर रूटशिवाय, म्हणजे ॲडमिनच्या हक्कांशिवाय, उघडत नाही, काय करू? सोल्डरसम्राट यांनी एका ओळीत मोक्ष दिला: यूडेव्हच्या (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमात सबसिस्टम यूएसबी, मोड ०६६६, म्हणजे सगळ्यांना वाचायची-लिहायची मुभा, विषय संपला. अहो, व्हेंडर आयडी, म्हणजे उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, कुठाय? हा नियम मशीनवरच्या प्रत्येक यूएसबी उपकरणाला लागतो, कीबोर्डसकट. /डेव्ह/बस/यूएसबी मधली उपकरणाची फाइल लिहिण्यासाठी उघडता आली की कर्नलचा ड्रायव्हर सोडवून इंटरफेस स्वतः क्लेम करता येतो, म्हणजे उपकरण आपल्या ताब्यात. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, आलेला कुठलाही यूजर तुमचा कीबोर्ड बंद पाडू शकतो. व्हेंडर-प्रॉडक्ट आयडी घाला आणि ‘यूॲक्सेस’ टॅग लावा, मशीनसमोर लॉगिन असलेल्यालाच परवानगी मिळते.

सोल्डरसम्राट
माझ्या मशीनवर यूजर एकच, तो मी. कीबोर्ड कोण पळवणार, मांजर? तुमचा टॅग लावून पाहिलाय. दोन तास गेले. केबल काढ, लाव, नियम रीलोड कर, ढिम्म. पाप काय, तर फाइलचं नाव ९९ ने सुरू होत होतं! नियमांच्या फाइली नंबराच्या क्रमाने वाचल्या जातात आणि टॅग तो वापरणाऱ्या ७३ नंबरच्या फाइलआधी लागावा लागतो, हे कुठली एरर सांगते? लिबयूएसबी (प्रोग्रॅमना यूएसबीशी बोलू देणारी लायब्ररी) फक्त ‘ॲक्सेस’ एवढंच पुटपुटते. ०६६६ पहिल्या फटक्यात चालतं.

तिसरी_वायर
लिनक्सवाल्यांनो, तुमचं दुःख काहीच नाही. मी विंडोजवर झाडिगमध्ये (यूएसबी ड्रायव्हर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘सगळी उपकरणं दाखवा’ केलं, यादीत एक ओळ चुकली आणि विनयूएसबी हा सर्वसाधारण ड्रायव्हर बसला थेट कीबोर्डवर. कीबोर्ड मेला. मग माउसने स्क्रीनवरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टिपत पासवर्ड!

कर्नलकाका
दोष उपकरण बनवणाऱ्याचा. फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) मायक्रोसॉफ्ट ओएस डिस्क्रिप्टर, म्हणजे कुठला ड्रायव्हर हवा हे विंडोजला सांगणारी नोंद, असेल तर विंडोज ८ पासून विनयूएसबी आपोआप बसतो, झाडिग लागतच नाही. काही बाइट्सचं काम.

तिसरी_वायर
अच्छा, म्हणजे विकत घेतलेल्या डब्याचं फर्मवेअर आता मी लिहू?

कर्नलकाका
नको. बटण दाबण्याआधी यादी वाचलीत तरी पुरे.

तिसरी_वायर
यादीत दोन ओळींचं नाव एकच होतं: ‘यूएसबी इनपुट डिव्हाइस’. तुम्ही काय वाचलं असतंत? पोटातलं?

कर्नलकाका
आयडी शेजारीच दिसतो. पण दोन्ही नावं सारखी असतील तर... बरं, इथे चूक होऊ शकते.

उपद्व्यापी
विषय ०६६६ चा होता, आठवतंय का कुणाला?

रात्रपाळी
मला आठवतंय, आणि उपद्व्यापी, तुमचाही उपाय अर्धाच. माझं तापमान नोंदवणारं मशीन कपाटात पडून असतं, मॉनिटर नाही, लॉगिन कुणाचं नाही. सर्व्हिस बूटबरोबर सुरू होते. यूॲक्सेस तिथे परवानगी देणार कुणाला? सीटवर माणूसच नाही. मी वेगळा ग्रुप केला, मोड ०६६० (मालक आणि ग्रुपलाच परवानगी), सर्व्हिसचा यूजर त्यात घातला. तीन वर्षं चालू आहे.

उपद्व्यापी
हे मान्य. सर्व्हिससाठी ग्रुपच हवा, ते मी लिहायला हवं होतं. ०६६६ मात्र तरीही नाही.

सोल्डरसम्राट
घातला बाबा व्हेंडर आयडी. प्रॉडक्ट आयडीसुद्धा. मोड ०६६६च आहे. मांजराला कळवतो.